पाचवा कप्पा

“मग हिला कुठल्या कप्प्यात घातलंस, मास्तर?”

धुंडीबुवांनी सौमित्र इंगवलेच्या हातातल्या मोबाइलकडे बोट दाखवलं.

सौमित्रच्या आईचा दहावा होता. पंचगंगेच्या घाटावर पिंड मांडून दोन तास झाले, तरी कावळा शिवत नव्हता. पायऱ्यांवर नातेवाईक उपाशी बसले होते.

सौमित्र कॉलेजात डिजिटल व्यवसाय शिकवायचा. बाराखडी गिरवली बुवांच्या मठीत, आणि आता बुवांनाच शिकवायला निघालेला. त्याच्या पुस्तकात असल्या सगळ्या धंद्यांचे चार प्रकार होते. पाचवा असूच शकत नाही, असं तो वर्गात टेबल ठोकून सांगायचा.

“कोण देतो, कोण घेतो, मधे काय जातं. तीन प्रश्न, बुवा. वस्तू विकणारे, महिन्याच्या वर्गणीवर चालणारे, दोघांची गाठ घालून देणारे, आणि फुकट देऊन तुमचंच लक्ष विकणारे. संपलं.”

“आणि ही?”

सौमित्रनं मोबाइल उलटसुलट करून पाहिला.

आई गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी त्यानं तिचे मोबाइलवरचे सगळे आवाजी निरोप, गेलेल्या माणसाला त्याच्याच आवाजात बोलतं करणाऱ्या एका कंपनीला पाठवले होते. तेव्हापासून मोबाइलमधून आई बोलायची.

“वर्गणी भरतो मी. म्हणजे प्रकार दुसरा. पण देतंय कोण? कंपनी... की आई? तिथंच अडलंय, बुवा.”

“कावळाबी तिथंच अडलाय.”

सौमित्रनं वर पाहिलं. कठड्यावरचा कावळा पिंडाकडे बघतच नव्हता. तो मोबाइलकडे बघत होता.

तेवढ्यात मोबाइल बोलला.

“जेवलास का रं, बाळा?”

मागोमाग बारीकसा खोकला. तोही तिचाच. पायरीवरच्या मावशीनं पदर तोंडाला लावला.

बुवा मोबाइलवर वाकले. “आक्का, तुम्ही जेवला का?”

“मी? मी मागनं जेवते. त्याचं होऊ दे आधी.”

सौमित्रनं पिंडाकडे पाहिलं. कावळा शिवल्याशिवाय त्याला घास घेता येत नव्हता. आणि त्यानं घास घेतल्याशिवाय...

“सांग तिला,” बुवा म्हणाले.

“काय सांगू? खोटं?”

“इतकी वर्षं पुण्यातनं फोनवर काय सांगत होतास?”

सौमित्रनं मोबाइल तोंडाजवळ धरला. “जेवलो, आई... पोटभर जेवलो.”

“बरं झालं. आता मी बसते.”

कावळा खाली उतरला. सरळ पिंडाशी आला आणि भातात चोच घातली. पायऱ्यांवरच्या सगळ्यांनी हात जोडले.

“सुटली,” सौमित्र डोळे पुसत म्हणाला. “आई सुटली, बुवा.”

दहा दिवसांत पहिल्यांदा त्याला हलकं वाटलं. मावशी पानं मांडायला सांगून उठलीसुद्धा.

हातातला मोबाइल थरथरला.

“जेवलास का रं, बाळा?”

तोच आवाज. तोच खोकला, त्याच जागी.

भात खाणाऱ्या कावळ्यानं या वेळी मान वर केली नाही.

“बुवा... आई गेली ना? मग ही... ही कोण?”

बुवांनी कमंडलू उचलला आणि सावकाश पायऱ्या चढू लागले.

“आता घाल हिला कप्प्यात, मास्तर.”