गवसणीतली सतार

एकदा एक सतार घडली आणि घडल्या दिवशीच कुलपात गेली. घडवणाऱ्या शिष्याचे नाव सोपान. वाद्यांच्या पेठेत एका वृद्ध कारागिराच्या हाताखाली पाच वर्षे भोपळे तासल्यानंतर त्याने ही पहिली सतार स्वतःच्या हाताने पुरी केली होती. ती चांगल्या घरी जावी, तिच्यावरून आपले नाव व्हावे, एवढी एकच इच्छा त्याने मनाशी धरली होती.

म्हणून तिला कुणाचा हात लागू नये याची त्याने पुरेपूर व्यवस्था केली. त्या दुकानात हातांना काय तोटा! सकाळपासून बाकावर मंडळी हजर. भजनातले पेटीवाले, तबल्याच्या वाद्या आवळून घ्यायला आलेले, अर्धवट शिकलेले, नुसतेच रिकामटेकडे. दुकानाचा रिवाजच असा, की येणाऱ्याने आधी खुंटीवरची जुनी सतार काढून चार सूर छेडायचे, मग चहा. सोपानच्या मस्तकाची शीर उठे. त्यातून दगडूमामा दिसले की त्याचा नुसता तिळपापड! हे मामा शाळेतले निवृत्त शिपाई. वीस वर्षे सतार शिकले, पण घरी सतार नाही. तोंडात पान, बोटांना चुना, आणि रोज दोन तास दुकानाची सतार मांडीवर. विकत घ्यायचे नाव नाही. "हे दुकान आहे की चावडी?" असे सोपान पुटपुटे. चाचा, म्हणजे तो वृद्ध कारागीर, ऐकून न ऐकल्यासारखे करीत.

एके दिवशी एक व्यापारी आपल्या मुलीला घेऊन आला. मुलगी सतार शिकत होती आणि तिला उत्तम वाद्य हवे होते. सोपानने मोठ्या अदबीने कुलूप काढले, स्वतः शिवलेली मखमली गवसणी उतरवली. मुलीने सतार निरखली, थोडी वाजवली आणि ओठ मुडपला.

"दिसते छान, बाबा. पण बोलत नाही हो."

मग तिची नजर खुंटीकडे गेली. जुन्या सतारीवर तिने तार ओढून एक मींड घेतली आणि तिचा चेहराच उजळला.

"हीच द्या. म्हणाल ती किंमत," व्यापारी म्हणाला.

"ती विकायची नाही," चाचा म्हणाले. "पोरी, तू मात्र वाजवायला केव्हाही ये."

व्यापारी पाय आपटत निघून गेला. सोपान लाजेने आणि रागाने लाल होऊन उभा होता. तेवढ्यात चाचांनी कात्री उचलली आणि त्या मखमली गवसणीचे उभे-आडवे चार तुकडे केले. एक तुकडा दगडूमामांच्या हाती दिला.

"मामा, आधी बोटं पुसा," असे म्हणून त्यांनी सोपानची सतार मामांच्या मांडीवर ठेवली.

सोपानचा बांध फुटला. "चाचा, हा कुठला न्याय? आलेलं गिऱ्हाईक परतवून लावलंत, माझी गवसणी फाडलीत, आणि आता माझी सतार यांच्या हातात? पाच वर्षं इथं घाम गाळला मी, आणि मान कुणाला, तर फुकट बसणाऱ्यांना!"

"फुकट?" चाचांचा आवाज चढला. "अरे, जरा लाज वाटू दे! ती खुंटीवरची सतार मी अठरा वर्षांपूर्वी केली, तेव्हा तुझ्या सतारीपेक्षाही ठोंबी होती. मी केलं ते लाकूड आणि भोपळा. तिला बोलती कुणी केली? कुणी म्हणालं झंकार उठत नाही, जवारी बसकी, कुणी म्हणालं पडदा चढा. शंभरदा शिव्या खाल्ल्या, शंभरदा तारांखालची घोडी घासली. या लोकांनी बोटं झिजवली, तेव्हा ती खुलली. पोरीला भावला तो आवाज या बाकाचा आहे. तो मी एकट्यानं कुठल्या तोंडानं विकू? आणि तू! पोर जन्माला घातलंस आणि कोंडून ठेवलंस. वर यांनाच नावं ठेवतोस? तुझा कान तयार कुणी केला रे? मी दिवसभर खाली मान घालून काम करतो, बोलतो कितीसं? सूर कशाशी खातात ते तू यांच्याच भांडणातून शिकलास!"

सोपानला आठवले. खुली जवारी म्हणजे काय, हे त्याला पहिल्यांदा उमगले ते याच बाकावर दोन म्हाताऱ्यांची जुंपली होती तेव्हा. त्यातले एक दगडूमामाच होते.

मामांनी एवढ्यात तारा छेडल्या होत्या. ते थांबले आणि चाचरत म्हणाले, "रागावू नकोस, लेका. खर्ज गुदमरतोय. घोडी त्या अंगाला जरा उंच राहिलीय. पण सतार अस्सल आहे हो. बोलेल."

ती घोडी सोपानने रोज पुसली होती. यंत्र लावून सूर तपासले होते. पण खर्ज गुदमरतोय, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते, कारण सांगणाऱ्याच्या हाती त्याने सतार कधी दिलीच नव्हती.

त्याने कानस घेतली आणि मामांच्या पायाशी जमिनीवर बैठक मारली.

"मामा, खर्ज पुन्हा छेडा," तो म्हणाला. "अगदी सावकाश. मी ऐकतो."

असली बाके उचलून फेकून तिथे काचेची कपाटे मांडणाऱ्यांनी, आपल्या गावातली वाद्ये मुकी का झाली, हे मग कुणाला विचारू नये.