अळणी वाटी

"...मग मलाच सिगरेट महाग का वाटत नाही, माय?" सदानंदरावांनी विचारलं.

मोठ्या बांधकामांचे कंत्राटदार. छातीचं दुखणं दोनदा होऊन गेलेलं. सिगरेट राहील नाहीतर तुम्ही राहाल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मठाच्या ओसरीवर गोदामाय प्रसादाचे वाल सोलत होती.

"भाव वाढला की माझ्या साइटवरचे गवंडी विडी निम्म्यावर आणतात. कॉलेजची पोरं एक सिगरेट तिघांत ओढतात. ही तुमची हौसाबाई..."

अंगण झाडणारी हौसाबाई थांबली. "मिश्रीच्या पैशात नातीचं दूध येतंय म्हटलं, सायेब. सुटली."

"आणि मी? भाव दुप्पट झाला तरी नुसता खिशात हात घालतो." बोलण्यात जराशी ऐटही होती.

"तुला भाव अजून कळलाच नाही," माय म्हणाली. "चल, पानं मांडलीत."

पंगतीत समोर सदानंदरावांची बायको, कमलिनी, बसली होती. मायनं तिच्या पानातली वालाची वाटी उचलून त्यांच्यापुढे ठेवली.

एक घास.

"अळणी आहे."

"हं."

"हिला प्रेशर आहे ना. अकरा वर्षं झाली, मीठ घालायच्या आधीच आपली वाटी काढून ठेवते."

"प्रेशर कुठल्या डॉक्टरनं सांगितलं?"

सदानंदराव आठवू लागले... कुठल्याच नाही. त्यांच्या पहिल्या दुखण्यानंतर ती एकटीच मठात येऊन गेली होती. तेव्हापासूनचं हे.

"नेम घेणारीनं बोलायचं नसतं," माय म्हणाली, "म्हणून मी बोलते. तुझी सिगरेट सुटेपर्यंत हिचं मीठ बंद."

कमलिनीनं मान खाली घातली.

लेकीच्या लग्नातही तिची वाटी वेगळी होती. हिला मेलीला चवच कळत नाही, म्हणून ते व्याह्यांसमोर हसले होते.

सदानंदराव वाटीकडे बघत राहिले. अकरा वर्षं, रोज दोन्ही वेळा... देवापुढे बसल्यासारखे त्यांचे हात आपोआप जुळले.

मग त्यांनी खिशातलं सिगरेटचं पाकीट काढून मायच्या पायाशी ठेवलं. आपल्या पानातलं चिमूटभर मीठ घेतलं. हात वाटीवर नेला, आणि तिथंच थांबला.

"माय... घालू?"

"घाल," माय म्हणाली. "फक्त एकदा घातलेलं मीठ परत काढता येत नाही, बाळा."