डावीकडे कलणारी काडतुसं

“दाजीबाला जे सांगितलंत, तेवढं मला सांगा.”

“कशाबद्दल?”

“गोळीबद्दल. त्याची सरळ बसते. माझी वाकडी,” भैरोजी म्हणाला.

उस्ताद मोहिद्दीन सुपारी कातरत होते. कातरतच राहिले.

“तुला सांगितलं तेच त्याला सांगितलं.”

“त्याला वरचं काहीतरी सांगितलंत.”

“वरचं...” उस्तादांनी सुपारीचं खांड गालात टाकलं. “हो, एकदा सांगितलं होतं खरं. म्हटलं, वर बघ, पाल आहे.”

ही गोष्ट सोनकडा संस्थानच्या सिलेखान्यातली. नकाशात सोनकडा शोधू नका. तिथले महाराज पत्त्यांच्या डावात एकदा नकाशाच हरले होते. सिलेखाना म्हणजे त्यांच्या बंदुका-तलवारी ठेवायची जागा, आणि उस्ताद तिथले मुख्य. महाराजांच्या रिव्हॉल्व्हरची झाडलेली काडतुसं तिथं पुन्हा भरली जायची. पितळी नळी जुनीच, दारू नवी, वर शिशाची गोळी नवी. नळीचं तोंड किंचित उघडायचं, गोळी बोटांनी उभी धरायची, यंत्राचा दांडा ओढायचा. गोळी दाबून आत बसते.

बसते, पण सरळ बसेलच असं नाही. वाकडी बसलेली गोळी रिव्हॉल्व्हरच्या चक्रात अडते. अडलेलं रिव्हॉल्व्हर आणि न अडलेलं रानडुक्कर, यांच्या मधोमध महाराज उभे आहेत, हे दृश्य सोनकड्यानं एकदा पाहिलं होतं. त्या दिवशी महाराज बाभळीवर चढले. खाली उतरल्यावर म्हणाले, बाभळीला काटे नव्हते. दरबारानं मान डोलावली.

ते काडतूस भैरोजीचं होतं.

भैरोजी इंगवले म्हणजे किल्लेदाराच्या घरातला. मिशीची दोन्ही टोकंसुद्धा रोज पट्टी लावून जुळवणारा. त्याच्या डाव्या हाताला दाजीबा साळवी बसायचा. तोंडात विडा, ओठांवर लावणी, आणि काडतूस मात्र असं निघायचं की बघत राहावं.

भैरोजी बघतच राहिला होता.

मग त्यानं दाजीबाच्याच पानवाल्याकडून विडा घ्यायला सुरुवात केली. तोच कात, तोच चुना. लावणीसुद्धा पाठ केली. गोळी वाकडीच. वर दात लाल झाले, आणि घरी बायको काय म्हणाली ते इथं लिहिता येत नाही.

उद्या दसरा होता. शस्त्रपूजेच्या तबकात एक काडतूस ठेवलं जाणार होतं. ते ज्याच्या हातचं, त्याच्या कमरेला सिलेखान्याची किल्ली. उस्तादांचे हात आता कापायला लागले होते, आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत ते थांबणार नव्हते.

“तो कामाकडे बघतसुद्धा नाही, उस्ताद! काल गोळी बसवताना जांभई दिली त्यानं. मी बघितलं.”

“बघितलंस?”

“ह्या डोळ्यांनी.”

“आणि तुझ्या हातात काय होतं तेव्हा?”

“काडतूस.”

“हं...”

अडकित्ता बाजूला ठेवला गेला.

“आण बघू तुझी काडतुसं.”

भैरोजी हुशार माणूस. दोष शोधून काढायचा म्हणून त्यानं प्रत्येक नळी यंत्रात ठेवताना आपल्याकडच्या बाजूला शाईची बारीक रेघ ओढली होती. उस्तादांनी काडतुसं एका रांगेत उभी केली. सगळ्या रेघा भैरोजीकडे.

सगळ्या गोळ्या डावीकडे.

जराशाच. मांडवात नवरीकडे हळूच बघणाऱ्या वऱ्हाडासारख्या.

डावीकडे दाजीबाची बैठक होती.

“यंत्र वाकडं असेल,” भैरोजी म्हणाला.

“जागा बदला,” उस्तादांनी दोघांना सांगितलं.

“बसू का, भैरूदादा?” दाजीबा उठून आला. “गादी मऊ आहे हो तुमची. म्हणूनच म्हटलं, एवढा माणूस दिवसभर हलत कसा नाही.”

भैरोजीच्या यंत्रावर दाजीबानं एक काडतूस केलं. उस्तादांनी ते काचेच्या तुकड्यावर घरंगळवलं. गोळी वाकडी असली की तिचं टोक फिरताना नाचतं. हे नाचलं नाही. सरळ.

दाजीबाच्या यंत्रावर भैरोजीनं एक केलं. आता दाजीबा त्याच्या उजव्या हाताला होता.

गोळी उजवीकडे.

“दाजीबा,” उस्ताद म्हणाले, “जा, पान घेऊन ये.”

दाजीबा गुणगुणत गेला. भैरोजीनं दात आवळून आणखी एक काडतूस केलं.

गोळी दाराकडे.

हे खोटं आहे असं म्हणणारे निघतील. मी त्यांच्याशी भांडत नाही. ती काडतुसं मी पाहिलेली नाहीत. पण ज्यांनी पाहिली, त्यांतल्या एकाला मी भेटलोय, आणि त्याची मान अजून थोडी डावीकडे आहे.

भैरोजीनं ते काडतूस दुसऱ्या काडतुसांमागे सरकवलं. मग खालच्या आवाजात म्हणाला,

“उस्ताद... त्याला काढून टाका.”

“दाराबाहेर गेला, तर गोळी दाराकडे गेली.”

उस्तादांनी दाराकडे बोट केलं.

“गावाबाहेर गेला, तर?”

गाव कुठल्या बाजूला संपतं, हे भैरोजीच्या डोळ्यांनी शोधलंच.

दाजीबा पान घेऊन आला. उस्तादांनी ते खाल्लं नाही, पगडीत खोचलं.

“दोघं एका यंत्रावर बसा. भैरोजी, गोळी तू धर. दाजीबा, दांडा तू ओढ.”

दोघांनी उस्तादांकडे बघितलं.

गोळी यंत्राच्या तोंडात शिरेपर्यंत बोटं काढायची नसतात. काढली की ती डोलते. आणि वेळेवर काढली नाहीत, तर... उस्तादांच्या आधीच्या उस्तादांना संस्थानात सगळे साडेनऊबोटे म्हणायचे.

आता बोटं भैरोजीची होती, आणि दांडा दाजीबाच्या हातात.

“विडा थुंकून येऊ का, उस्ताद?” दाजीबानं विचारलं.

“नको. चघळ.”

“आणि गाणं?”

“म्हण की.”

“ह्याला जांभई आली तर?” भैरोजीनं आपली बोटं मोजत विचारलं.

“येऊ दे.”

भैरोजीनं पितळी नळी ठेवली. तिच्या तोंडावर गोळी उभी केली. चिमटीत धरली. शेजारी लावणी सुरू झाली, विडा एका गालातून दुसऱ्या गालात गेला, दांडा करकरला.

भैरोजी गोळीकडे बघत होता.

फक्त गोळीकडे. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला तिच्या कडेची बारीक रेष दिसली, शिशाचा निळसर रंग दिसला, आपल्या नखाखालची शाई दिसली. दाजीबा आहे की नाही, हेसुद्धा त्याला आठवेना.

दांडा खाली आला. बोटं निघाली.

उस्तादांनी काडतूस काचेवर सोडलं. ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं. गोळीचं टोक असं स्थिर, की त्यावर माशी बसली असती तर तिला चक्कर आली नसती.

“वा!” दाजीबा मोकळ्या मनानं म्हणाला. “झकास बसली हो, भैरूदादा!”

उस्तादांनी कमरेची गाठ सोडली. सिलेखान्याची किल्ली काढली, आणि त्या काडतुसाशेजारी ठेवली.

किल्ली लांब होती, काळी होती, आणि एकच होती.

भैरोजीनं किल्लीकडे बघितलं. मग दाजीबाकडे. दाजीबा पुन्हा गुणगुणायला लागला होता.

“उस्ताद...”

“हं.”

“तबकात ठेवताना ही गोळी कुणाच्या हातची म्हणायची? म्हणजे... बोटं माझी होती. हा नुसता दांडा ओढत होता.”

उस्तादांनी काडतूस उचललं. पुन्हा काचेवर सोडलं. तिघंही वाकून बघत राहिले.

मग त्यांनी किल्ली उचलली, कमरेला खोचली, गाठ मारली.

“तू विचारेपर्यंत सरळ होती.”