बोरखिंडीच्या तलावातला माणूस

बोरखिंडीच्या तलावावर पाहुणे आले की कोनशिलेपाशी थांबतात. तिच्यावर सात नावे आहेत. त्यांतल्या एकानेही कधी पाटी उचलली नव्हती. मग गावातले म्हातारे त्यांना पलीकडच्या काठाचा काळा कातळ दाखवतात आणि त्याची गोष्ट सांगतात.

धरण बांधायला परमुलखातून वडार आले होते. त्यांत नरसव्वा होती. चित्रे काढायला तिला कोणी शिकवले नव्हते. दुपारची भाकरी झाली की गेरू, चुना आणि तव्याची काजळी घेऊन ती दगडावर आपलीच माणसे काढायची. दगड फोडणारे, पाटी वाहणाऱ्या बाया, झोळीतली पोरे. म्हणे, स्वतःला ओळखून माणसे लाजायची.

एके दिवशी सुरुंगाचा दगड लागून तिचा नवरा दुर्गाप्पा गेला. परक्या मातीत त्याला पुरले. दूर गावी असलेल्या आईला पोराचे तोंडही दिसले नाही. नरसव्वाने सासूला निरोप धाडला, "ये, तुजा ल्योक तुला दावते."

तिने मुकादमाला विचारले, पाणी कुठवर चढेल? त्याने कातळावरची चुन्याची रेघ दाखवली. "हितवर. वर काढ खुशाल." ती रेघ फक्त त्या सालच्या बांधकामाची होती. पण वडारांचा जन्म चुन्याच्या रेघेवर दगड बसवण्यात जातो; नरसव्वाने रेघेवर विश्वास ठेवला. महिनाभर खपून तिने सगळा तांडा काढला, मधोमध दुर्गाप्पा.

सासू हनमव्वा यायला वर्ष लागले. तोवर भिंत आणखी दोन पुरुष उंच झाली होती आणि श्रावणातले तळे काठोकाठ भरले होते.

"कुटं हाय?" म्हातारीने विचारले. नरसव्वाने पाण्याकडे बोट केले.

"मंग हितं काढ की."

तिने काठावरच्या दगडावर गेरू धरला. पागोटे आले, खांदे आले, हातातला घण आला. तोंडापाशी हात थांबला. कातळावर उतरवला म्हणून ती निर्धास्त होती, असे सांगतात. मनात जपायचे राहूनच गेले. दिवस मावळला तरी नाकडोळे आठवेनात. म्हातारीने त्या मोकळ्या जागेवर हात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी परतीची वाट धरली. उन्हाळ्यात पाणी ओसरले, तेव्हा कातळावर नुसता गाळ होता.

आजही कातळ उघडा पडला की गावातल्या बाया त्यावर गेरूने एक माणूस काढतात, तोंडाची जागा मोकळी ठेवून. एखादी पाहुणी डोळे काढायला गेली, तर म्हाताऱ्या तिचा हात धरतात.

"राहू दे, बाई. भलत्याचं तोंड लागंल त्याला."

मग पाणी चढते आणि तो तसाच बुडतो.