इनेसची थाप

बेथलेहेमातली तान्ही मुलं मारणाऱ्या हेरोद राजाच्या शिपायांचं मुलीला सांगावं की नाही, या काळजीनं लव्हिनाची झोप उडाली होती. मुलं कशी वाढवावीत यावरची तीन पुस्तकं तिनं वाचली होती. त्यातल्या एकाही लेखिकेची हेरोदाशी गाठ पडलेली नव्हती. आणि आता कुंडवाडीच्या देवळात, बाळ येशूच्या गव्हाणीसमोर, चार वर्षांची मिरेल तिच्या कडेवर होती, अन् घंटा वाजवणारे पास्कूबाबा पाहुण्यांना सांगू लागले होते की या वाडीतल्या प्रत्येक जुन्या दाराला मधोमध खळगा का आहे.

"बाबा, लहान मूल आहे हो," ती पुटपुटली.

"गोष्ट लहान मुलांचीच आहे, बाय."

फार पूर्वी, म्हणे, नाताळानंतर तिसऱ्या दिवशी मिठागरातल्या बस्त्यावचा दुपारी डोळा लागला आणि स्वप्नात देवदूत म्हणाला: बाळ घे, पळ, भरतीबरोबर चाचे येताहेत. बायको इनेस म्हणाली, "शेजारी सांगून येते." त्यानं तिचं तोंड दाबलं. "सगळी वाडी पळाली तर लपायला जागा पुरेल का?" योसेफानं तरी बाळ येशूला घेऊन पळताना बेथलेहेमात कुठं कुणाचं दार वाजवलं होतं!

तिवरांच्या चिखलात उभं राहून दोघांनी सगळं ऐकलं. आधी कुत्री, मग बाया, मग काहीच नाही. चाच्यांनी पाळण्यातली पोरं भाल्यांवर उचलली, आडव्या आलेल्या आया उंबऱ्यावर कापल्या. ओहोटी लागल्यावर इनेस परतली, तेव्हा शेजारीण मार्सेलीन कापडात गुंडाळलेलं काहीतरी जोजवत होती. इनेसचं जिवंत मूल पाहून तिनं एवढंच विचारलं, "तुला कळलं होतं?"

इनेसनं बाळ तिच्या मांडीवर ठेवलं आणि ती धावत सुटली. दारादारावर मुठी आपटत ओरडत होती, "लेकरं घ्या, पळा!" पळायला कुणी उरलं नव्हतं. बोटांची हाडं मोडली, फळ्या रक्तानं भिजल्या, तरी थांबली नाही. पुढं मरेपर्यंत दर वर्षी त्या दिवशी ती अशीच दारं ठोकत फिरली, असं सांगतात.

"आजही त्या दिवशी आमच्या बाया आधी शेजारणीचं दार मुठीनं वाजवतात, मगच गव्हाणीपुढं गुडघे टेकतात," बाबा म्हणाले. "देवदूत एकाच घरी का गेला, ते मला नका विचारू. मी नुसती घंटा वाजवतो."

लव्हिनानं मिरेलचे कान झाकायला हात उचलला, पण उशीर झाला होता. आता ही भाल्यांचं विचारणार, रक्ताचं विचारणार. मिरेलनं तिची हनुवटी धरून आपल्याकडे वळवली.

"आई, आपल्या समोरच्या घरात बाळ रडतं ना, त्याचं नाव काय?"