राणीच्या वाटेवरचा सडा

फार पूर्वी एका राज्यावर पाऊस असा रुसला, की वर्षामागून वर्षं कोरडी गेली. विहिरी आटल्या. राजधानीच्या तळ्यात थोडं पाणी उरलं होतं, त्यावरच माणसं आणि गुरं कशीबशी तग धरून होती.

डोंगरापलीकडे एका परक्या राणीचं राज्य होतं. तिची नदी बारमाही वाहायची. त्या नदीचा एक पाट ती कुणातरी शेजाऱ्याला देणार होती आणि गरज कुणाची मोठी, हे बघायला स्वतः फिरत होती.

ती येणार म्हटल्यावर दरबारातल्या म्हाताऱ्यांच्या बैठका सुरू झाल्या. राणीला हत्तीवरून आणायचं की पालखीतून? आधी कुणी ओवाळायचं? तिच्या उजव्या हाताला कुणी बसायचं? पाण्याचं नाव कुणी काढेना.

शेवटी वृद्ध प्रधान म्हणाले, "वेशीपासून महालापर्यंत सडा घाला. पाहुणीच्या अंगावर धूळ उडाली तर राज्याची अब्रू जाईल. आणि महालापुढची कारंजी सुरू करा."

"कुठल्या पाण्यानं, आजोबा?" त्यांच्या तरुण नातीनं विचारलं.

"तळ्यातल्या."

"मग आम्ही प्यायचं काय? अब्रू?"

"जीभ आवर, पोरी! पाहुणीला कोणी कोरडं तळं दाखवतं का?"

"तेच दाखवा! आणि काय हवं म्हणून तिनं विचारलं, तर लगेच सांगा. त्यांच्याकडे एकदाच विचारतात. व्यापाऱ्यांनी सांगितलंय मला."

"पहिल्या शब्दाला हो म्हणायला आपण हावरट आहोत का? दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा आग्रह झाला की घ्यायचं. एवढंही शिकवलं नाही का तुला आईनं?"

सगळे म्हातारे खो खो हसले. त्यांच्याकडे बघून राजाही हसला.

तळं उपसलं गेलं. राणी आली ती ओल्या, सुगंधी रस्त्यावरून. निघताना तिनं विचारलं, "प्रधानजी, माझ्याकडून काही हवंय का?"

"छे, छे! आपल्या कृपेनं सगळं आहे," प्रधान म्हणाले आणि हात जोडून दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत राहिले.

राणी वळली.

"पाणी हवंय!" नात गर्दीतून ओरडली. "तळं संपलंय, राणीसाहेब! चला, दाखवते!"

"लेकरू आहे, चेष्टा करतंय," प्रधान घाईघाईनं म्हणाले.

राणीनं ओल्या रस्त्याकडे पाहिलं. थुईथुई उडणाऱ्या कारंज्यांकडे पाहिलं. आणि तीही हसली.

पाट शेजारच्या दुसऱ्या राज्याला मिळाला. तिथला राजा भर धुळीत, रिकामा हंडा घेऊन तिला सामोरा गेला होता.

इकडे आधी गुरं गेली. मग पाळण्यातली मुलं. उरलेली माणसं गाठोडी घेऊन त्याच रस्त्यानं निघाली. नातीनं हात पुढे केला, "चला आजोबा." पण पायी, लोकांबरोबर? ते प्रधानांना शोभणारं नव्हतं. ती निघून गेली.

प्रधान सज्जात बसून राहिले. "केवढी ही धूळ! अरे, सडा घाला रे कुणीतरी!"

खाली कुणीच नव्हतं.

तात्पर्य: अब्रू पिता येत नाही. ती मिरवायची हौस थोरांची असते, तहानेनं आधी मरतात ती मात्र पाळण्यातली मुलं.