कुदळीची उडी

लई वर्षांमागं एका राजानं फर्मान काढलं, की गावोगाव तालीम बांधा आणि लहानथोर सगळ्यांनी रोज घाम गाळा. बोरवडीतही तालीम झाली. कुस्तीच्या हौद्यात तांबडी माती पडली, तिच्यात ताक, तेल, हळद मुरली. मग राजाचा कारभारी पाहणीला येणार असं कळलं, आणि माती बिघडू नये म्हणून गावानं दाराला कुलूपच ठोकलं.

पोरं लंगोट खांद्यावर टाकून यायची आणि तशीच परत जायची. महिना झाला. खुंटीवर टांगलेल्या म्हाताऱ्या कुदळीचा जीव तळमळायला लागला. रोज उकरली नाही तर ती माती दगड होते, आणि दगडावर आपटलेलं पोर लवकर उठत नाही.

"कुलपा, लेका, दार सोड," ती आतून म्हणाली.

"गप गं म्हातारे! माती कशी सारवल्यागत दिसतीया. कारभारी खूश होईल."

"माती काय बघायला असती, मुडद्या?"

कारभारी आला, दार उघडलं, त्यानं आत डोकावून पाहिलं आणि "झकास!" म्हणाला. कुदळीनं खुंटीवरून अंग सोडायला घेतलं.

"दांडा मोडंल, आक्का!" शेजारी भिंतीला टेकलेला, पोरं व्यायामाला फिरवायची तो जड लाकडी मुद्गल ओरडला.

"मोडू दे."

ती हौद्यात आदळली. ठण्ण! दांडा मोडला, मातीवर ओरखडासुद्धा उठला नाही.

कारभाऱ्याचा चेहरा उतरला. त्यानं पागोटं काढून बाजूला ठेवलं, मोडकी कुदळ उचलली आणि गुडघ्यावर बसून माती उकरायला लागला. पोरं आत शिरली, त्यांना कुणी अडवलं नाही.